उंदराचे विष खाल्लेला कुत्रा चौथ्या दिवशीही ठणठणीत असेल तर औषध थांबवावे का?

प्रश्न असा आहे : १२ किलो वजनाच्या एका कुत्र्याने रात्री उंदीर मारण्याच्या औषधाच्या दोन वड्या खाल्ल्या. सकाळी फाटलेले वेष्टन पाहून घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेले. तेथे 'के' जीवनसत्त्वाचे एक इंजेक्शन दिले गेले, दुसऱ्या दिवशी केलेली रक्त गोठण्याची चाचणी व्यवस्थित आली आणि आज चौथ्या दिवशी कुत्रा नेहमीसारखा खातो, पळतो. वेष्टनावर 'ब्रोडिफाकूम ०.००५ टक्के' असे छापलेले आहे. आता गोळ्या देण्याची गरज उरली आहे का, विषाने मेलेला उंदीर घरातल्या मांजरीने खाल्ला तर तिला बाधा होईल का, आणि दोन वर्षांच्या मुलाने त्या वड्यांना हात लावला असावा अशी शंका आहे त्याबाबत काय करावे, अशी विचारणा आहे.

गोळ्या सुरू नसतील तर आजच सुरू करा, आणि सुरू असतील तर मध्येच बंद करू नका. पंचवीसहून अधिक वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करताना या विषाने दगावलेली जी जनावरे मी पाहिली, त्यांतील बरीचशी मधल्या काही दिवसांत अगदी चांगली दिसत होती आणि त्यामुळेच घरची माणसे निर्धास्त झाली होती. हा उशीर कशामुळे होतो हे एकदा समजले की गोळ्या इतके दिवस का द्यायच्या हेही उलगडते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

रक्त गोठण्यासाठी जी प्रथिने लागतात त्यांना रक्त गोठवणारे घटक म्हणतात. त्यांतील दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक यकृतात तयार होतात, आणि त्यांना कामाचे बनवणाऱ्या शेवटच्या टप्प्यात 'के' जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व एकदा वापरले गेले की निरुपयोगी रूपात जाते आणि यकृतातील एक एन्झाइम त्याला पुन्हा वापरण्याजोगे करते. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा फार थोडा असतो, त्यामुळे तोच साठा फिरवून फिरवून वापरावा लागतो. ब्रोडिफाकूम, ब्रोमॅडिओलोन, वॉरफेरिन ही सारी विषे नेमके हे एन्झाइम अडवतात. 'या विषाने रक्त पातळ होते' असे सर्रास म्हटले जाते, पण त्या शब्दांनी गैरसमज होतो, कारण रक्तात आधीपासून असलेल्या घटकांना विष हातही लावत नाही. ते फक्त नव्या घटकांची निर्मिती बंद पाडते. आधीची शिल्लक संपेपर्यंत रक्त पूर्वीसारखेच गोठत राहते. कुत्र्याच्या रक्तातील सातवा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, तर दुसरा घटक निम्मा होण्यास सुमारे ४१ तास लागतात. त्यामुळे प्रामुख्याने सातव्या घटकाची उणीव दाखवणारी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही चाचणी ३६ ते ७२ तासांत बिघडते, आणि प्रत्यक्ष रक्तस्राव बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, क्वचित आठवड्यानंतरही, सुरू होतो.

आता तुमच्या कुत्र्याची चाचणी पाहा. ती दुसऱ्या दिवशी झाली, म्हणजे मुळातच लवकर झाली, आणि शिवाय 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यानंतर झाली. बाहेरून जीवनसत्त्व मिळाले की अडवलेल्या एन्झाइमची गरजच पडत नाही, यकृत तेवढ्या पुरवठ्यावर नवे घटक तयार करते आणि चाचणी व्यवस्थित येते. इंजेक्शनने काम केले एवढेच त्या कागदावरून कळते. विष शरीरात किती उरले आहे, याबद्दल तो कागद काहीही सांगत नाही. एका इंजेक्शनचा पुरवठा एकदोन दिवसांत संपतो आणि विष मात्र यकृतात तसेच बसलेले असते.

हा उशीर उंदरांच्या स्वभावाशी फार बेमालूम जुळला आहे. उंदीर नव्या खाद्यावर एकदम तुटून पडत नाही. आधी थोडेसे चाखतो आणि त्याने त्रास झाला तर ते पुन्हा तोंडाला लावत नाही. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे सावधपणे चाखणे हाच त्याचा बचाव असतो. तत्काळ काम करणारी विषे इथेच कमी पडतात. रक्त गोठू न देणारे विष खाल्ल्यावर मात्र तीन-चार दिवस काहीच जाणवत नाही, म्हणून उंदीर रोज येऊन पोटभर खातो. त्याला फसवण्यासाठी जो उशीर उपयोगी पडतो, तोच कुत्र्याच्या मालकालाही फसवतो. या विषाने उंदराला तहान लागते आणि तो पाण्यासाठी घराबाहेर जाऊन मरतो, किंवा तो जागीच सुकतो आणि वास येत नाही, असे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही. तो बिळात, छताच्या पोकळीत, कपाटामागे कुठेही मरतो आणि इतर कोणत्याही मेलेल्या प्राण्यासारखाच कुजतो.

या विषांचा उगम गुरांच्या एका रोगात आहे, आणि पशुवैद्यकाने तो विसरू नये असे मला मनापासून वाटते. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचे बुरशी लागलेले वाळले गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे काढणे किंवा खच्ची करणे अशा साध्या कामातही जनावर रक्त वाहून मरत असे. कॅनडातील पशुवैद्यक फ्रँक शोफील्ड यांनी हा दोष बुरशीच्या चाऱ्याचा असल्याचे दाखवले. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी मेलेली कालवड, ते गवत आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी घेऊन अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. पुढे १९३९ मध्ये तेथे त्या गवतातून रक्तस्राव घडवणारे द्रव्य, डायकुमारॉल, वेगळे करण्यात आले, आणि त्याच कुळातील वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आले. पुढे माणसाच्या रक्तातील गुठळ्यांवर औषध म्हणून आजही दिले जाणारे वॉरफेरिन ते हेच. फरक फक्त मात्रेचा आणि देखरेखीचा आहे.

वॉरफेरिनने उंदीर मरायचा तर त्याने ते सलग काही दिवस खावे लागते. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफेरिनला दाद न देणारे उंदीर आढळले आणि त्यानंतर दुसऱ्या पिढीची विषे तयार झाली : डायफेनाकूम, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफाकूम, फ्लोकुमाफेन, डायफेथिॲलोन. ही एन्झाइमला अधिक घट्ट धरतात, एकाच खाण्यात मारू शकतात आणि यकृतात फार काळ टिकतात. वॉरफेरिन शरीरातून काही दिवसांत निघून जाते, तर उंदरांच्या यकृतातील ब्रोडिफाकूम निम्म्यावर येण्यास शंभराहून अधिक दिवस लागतात. म्हणून वेष्टनावरचे नाव वाचणे फार महत्त्वाचे असते. तुम्ही वेष्टन जपून ठेवले, हे अतिशय योग्य केले.

वेष्टनावरचा ०.००५ टक्के हा आकडा पाहून 'एवढेसे तर विष आहे' असे कित्येकांना वाटते. हिशोब मांडून पाहू. या प्रमाणात एक ग्रॅम आमिषात ०.०५ मिलिग्रॅम विष असते. वडी साधारण २५ ग्रॅमची धरली तर दोन वड्यांत २.५ मिलिग्रॅम झाले, म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याला दर किलो वजनामागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम. ब्रोडिफाकूमची कुत्र्यातील घातक मात्रा दर किलोमागे ०.२५ ते ४ मिलिग्रॅम अशी दिली जाते. हा पल्ला मोठा आहे, कारण प्रत्येक कुत्र्याची संवेदनशीलता वेगळी असते. पण तुमचा कुत्रा त्याच्या खालच्या टोकाला जवळजवळ टेकला आहे. घातक मात्रा म्हणजे तेवढ्या विषाने निम्मी जनावरे मरतात ती मात्रा, त्यामुळे तिच्याखाली असणे म्हणजे सुरक्षित असणे असा अर्थ काढता येत नाही. दर किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या वर गेले की उपचार किंवा किमान चाचणी तरी करावी, असे मी मानतो, आणि तुमच्या कुत्र्याने त्याच्या दहापट खाल्ले आहे.

उपचार सोपा आहे, फक्त लांबचा आहे. 'के-वन' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दर किलो वजनामागे दिवसाला २.५ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या कुत्र्याला दिवसाला ३० ते ६० मिलिग्रॅम, शक्यतो दोन वेळांत विभागून आणि स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत द्यायच्या असतात, कारण हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि उपाशीपोटी नीट शोषले जात नाही. नेमकी मात्रा तुमचे पशुवैद्यक ठरवतील. ब्रोडिफाकूमसाठी मी चार आठवडे धरतो. शेवटची गोळी दिल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी प्रोथ्रॉम्बिन टाइम तपासायचा, आणि या सबंध प्रकरणात सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच. ती वाढलेली आली तर आणखी दोन आठवडे गोळ्या देऊन त्याच पद्धतीने पुन्हा तपासायचे. गोळ्या चालू असताना केलेल्या चाचणीवर पैसे घालवू नयेत. चार आठवडे ऐकून अनेकांना हा अतिरेक वाटतो. त्यांना मी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २०१८ मध्ये काय घडले ते सांगतो : ब्रोडिफाकूम मिसळलेला कृत्रिम अमली पदार्थ ओढल्याने तेथे दीडशेहून अधिक माणसांना गंभीर रक्तस्राव झाला, काही दगावली, आणि अशा रुग्णांना 'के-वन' कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने घ्यावे लागते.

एक गोष्ट आज घरी बसून तपासता येईल. दिलेल्या इंजेक्शनच्या किंवा गोळ्यांच्या वेष्टनावर 'फायटोमेनाडिओन' किंवा 'फायटोनाडिओन' लिहिलेले आहे का ते पाहा; ते 'के-वन'. नुसते 'मेनाडिओन' असेल, तर ते 'के-थ्री' आहे. नावे इतकी सारखी आहेत की चूक सहज होते, पण 'के-थ्री' या विषावर उपयोगी पडत नाही आणि मोठ्या मात्रेत लाल रक्तपेशींना इजा करते. पालक आणि इतर हिरव्या भाज्यांचा आधार घेण्याचेही सुचवले जाते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात 'के-वन' साधारण अर्धा मिलिग्रॅम असते, तेव्हा ३० मिलिग्रॅमसाठी कुत्र्याला रोज सहा किलो पालक खाऊ घालावा लागेल.

उलटी करवण्याचा उपयोग विष खाल्ल्यापासून पहिल्या चारेक तासांतच असतो, आणि तीही दवाखान्यातच करवावी. मीठ पाजून उलटी करवताना मिठाच्या विषबाधेने कुत्रे मरू शकतात. पोटातील विष शोषून धरणारा सक्रिय कोळसाही सुरुवातीलाच द्यायचा असतो. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली आहे, तेव्हा त्याची रुखरुख नको.

या चार आठवड्यांत कुत्र्याला साखळीनेच फिरवा, उड्या आणि इतर कुत्र्यांशी झोंबाझोंबी टाळा, हाडे चघळायला देऊ नका, स्नायूत कोणतेही इंजेक्शन आणि तातडीची नसलेली कोणतीही शस्त्रक्रिया होऊ देऊ नका. ॲस्पिरिन आणि त्या जातीची वेदनाशामके कटाक्षाने वर्ज्य आहेत. या शेवटच्या सूचनेमागे मला आजही अस्वस्थ करणारा एक अनुभव आहे. मध्यम बांध्याची एक कुत्री मागच्या डाव्या पायाने लंगडते म्हणून माझ्याकडे आली. दुसऱ्या एका ठिकाणी मुरगळले असेल असे समजून तिला दोन दिवस वेदनाशामक दिले गेले होते. गुडघा सुजलेला होता, पण गरम नव्हता. ओठ वर करून पाहिले तर हिरड्या फिकट, जवळजवळ कागदी रंगाच्या, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत येण्यास नको तितका वेळ लागत होता. पुढच्या पायातून रक्त घेतले, तर सुईच्या जागेतून रक्त झिरपतच राहिले. घट्ट पट्टी बांधूनही कापूस भिजला. साध्या काचेच्या नळीत घेतलेले रक्त सात-आठ मिनिटांत थिजायला हवे होते. पाऊण तासाने नळी तिरपी केली तेव्हा ते पाण्यासारखे कडेने सरकले. तेव्हा कुठे मालकांना आठवले की आठवड्यापूर्वी कोठीच्या खोलीत विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. सांध्यात रक्त साचले होते, छातीतही साचू लागले होते. प्लाझ्मा, म्हणजे गोठवणारे घटक असलेला रक्तातील द्रव भाग, दिला आणि ती वाचली, पण आणखी एक दिवस गेला असता तर ती हाती लागली नसती.

म्हणून लक्षणांबद्दल हे ध्यानात ठेवा : नाकातून, लघवीतून किंवा शौचातून रक्त येईल, मग धावपळ करू, असे म्हणून थांबू नका. बाहेर रक्ताचा थेंबही न दिसता जनावर छातीच्या किंवा पोटाच्या पोकळीत रक्त साचून मरू शकते. सुस्ती, खाण्याची अनिच्छा, धाप, कोरडा खोकला, लंगडणे, कातडीखाली मऊ गाठ, फिकट हिरड्या यांपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी ताबडतोब न्यायचे. हिरड्यांचा आजचा रंग नीट पाहून ठेवा आणि रोज सकाळी त्याच उजेडात पाहत जा. रक्तस्राव एकदा सुरू झाला की नुसते जीवनसत्त्व पुरत नाही, कारण त्यातून नवे घटक तयार होण्यास सहा ते बारा तास लागतात. तोवर तयार घटक बाहेरून, म्हणजे ताजा असतानाच अतिथंड करून साठवलेल्या प्लाझ्मातून किंवा पूर्ण रक्तातून, द्यावे लागतात.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. उंदीर मारण्याची सर्व औषधे या कुळातील नसतात, आणि वडीच्या किंवा दाण्यांच्या रंगावरून काहीही ओळखता येत नाही. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिळून फॉस्फीन वायू तयार करते आणि काही तासांतच जीव घेऊ शकते. त्याला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, आणि अशा जनावराची उलटी बंद खोलीत झाली तर जवळच्या माणसालाही अपाय होतो. ब्रोमेथॅलिनने मेंदूला सूज येते. नाव ब्रोमॅडिओलोनसारखे वाटते, पण दोघांचा काडीचा संबंध नाही. 'डी-थ्री' जीवनसत्त्वाच्या आमिषाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होतात. यांपैकी कोणत्याही विषावर 'के' जीवनसत्त्व चालत नाही.

मांजरीचा प्रश्न आकड्यांनी बराच सुटतो. मांजर ब्रोडिफाकूमला कुत्र्यापेक्षा पुष्कळ चिवट असते. तिची घातक मात्रा दर किलोमागे २५ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. चार किलोच्या मांजरीला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन किलो आमिष, एका वेळी खावे लागेल. उंदराचे पाहा : अडीचशे ग्रॅमच्या उंदराला मरायला ०.०७ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम आमिष पुरते. पण मरेपर्यंतचे तीन-चार दिवस तो रोज वीसेक ग्रॅम खाऊ शकतो आणि स्वतःला मारण्यास लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट विष पोटात आणि यकृतात साठवून मरतो. तरीही ते फार तर तीन-चार मिलिग्रॅम होईल. त्यामुळे एक उंदीर खाल्ल्याने धडधाकट मांजरीला गंभीर बाधा होण्याची शक्यता कमी आहे. रोज असे उंदीर खाणारी मांजर, लहान पिल्लू किंवा यकृताचा आजार असलेले जनावर यांची गोष्ट वेगळी, कारण विष यकृतात साठत जाते. असा उंदीर खाताना पाहिले असेल, तर तीन दिवसांनी मांजरीचा प्रोथ्रॉम्बिन टाइम तपासून घ्या.

माझी खरी काळजी घुबडे, घारी, ससाणे यांच्याविषयी आहे. विष खाल्लेला उंदीर मरण्याआधी मंदावतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो आणि सहज पकडला जातो. ब्रिटनमध्ये मेलेल्या कोठी घुबडांच्या यकृतांची वर्षानुवर्षे तपासणी होते, आणि त्यांतील बहुतांश पक्ष्यांत या विषांचे अंश सापडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये दुसऱ्या पिढीची विषे घरगुती ग्राहकांना विकण्यावर बंधने आणण्याचा निर्णय घेतला तो मुले, पाळीव जनावरे आणि वन्यजीव या तिघांना होणाऱ्या बाधेमुळेच. आमिष ठेवायचेच असेल तर कुलूपबंद पेटीत ठेवावे, रोज मेलेले उंदीर शोधून हातमोजे घालून उचलावेत आणि जनावरे उकरू शकणार नाहीत इतके खोल पुरावेत किंवा बंद पिशवीत घालून विल्हेवाट लावावी. आमिषात कडू द्रव्य घातलेले असते म्हणून कुत्रा खाणार नाही, असे समजू नका. तुमच्याच कुत्र्याने दोन वड्या संपवल्या आहेत.

मुलाच्या बाबतीत निर्णय बालरोगतज्ज्ञांचा, पण एवढे निश्चित सांगता येते की तयार आमिषाला नुसता हात लागल्याने किंवा एखादा कण चाटला गेल्याने मुलाच्या रक्त गोठण्यात सहसा बिघाड होत नाही. हात, तोंड आणि नखांच्या खालचा भाग साबणाने नीट धुवा. मुलाने वडीचा तुकडा खाल्ला असावा असे वाटत असेल, तर ते ठणठणीत दिसत असले तरी वेष्टन घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि विष खाल्ल्यापासून ४८ तासांनंतर केलेली चाचणीच ग्राह्य धरावी, याची त्यांना आठवण करून द्या. आजच्या चौथ्या दिवशी घेतलेले रक्त या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल, कारण मुलाला 'के' जीवनसत्त्व दिलेले नाही. घरात कोणी वॉरफेरिन घेत असेल तर त्या व्यक्तीने हे आमिष हाताळू नये.

कुत्र्यासाठी आजपासून २८ दिवस मोजा, शेवटच्या गोळीची तारीख लिहून ठेवा आणि तिच्यानंतरच्या तिसऱ्या दिवशीची चाचणीची वेळ दवाखान्यात आताच ठरवून घ्या.